तितर छाप चाकू आणि शहागडचे गुरुजी

संपादकांनी 'आपल्या कामाबद्दल लिही' असं सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो. या दिवाळी अंकात दरवर्षी असं लिहिणारे लोक निवृत्त झालेले असतात. कोणी स्टेशनमास्तर, कोणी तहसील कचेरीतले अव्वल कारकून. माझी तर अजून बी. ए.ची परीक्षा व्हायची आहे. सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर जुन्या जालन्यात मदनलालजींच्या लोखंडी सामानाच्या दुकानात नोकरी, एवढंच माझं कार्यक्षेत्र.

"दुकानात काय विकतोस?" संपादकांनी विचारलं.

"खिळे, बिजागऱ्या, कड्या, कुलपं, खुरपी," मी म्हणालो, "आणि चाकू."

त्यांनी लिहिणं थांबवलं, टेबलाचा खण उघडला आणि आतून स्वतःचा मिटवायचा चाकू काढून माझ्यासमोर धरला. "मग सांग, तितर चांगला की जहाज?"

मी नुसती मान हलवली. आमच्या दुकानाचा तो पहिला नियम आहे. पण त्या दिवशी मला पटलं की हा विषय इतका लहान नाही. म्हणून लिहितो आहे. काही चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

मला नोकरीवर घेताना मदनलालजींनी ना मार्क विचारले ना हिशेब. त्यांची मंडळी तीन पिढ्यांमागे राजस्थानातून इथे आली. शेठजींचं बोलणं मात्र आमच्या बाजारासारखं, सगळ्या भाषा एका पोत्यात. त्यांनी एक कोरा तितर छाप चाकू काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "खोल."

पात्याला नख घालायची खाच असते. मी त्यात अंगठ्याचं नख घातलं आणि ओढलं. पातं जागचं हललं नाही, नख मात्र वाकलं.

"कॉलेजात नखं कापायला लावतात काय?" शेठजी म्हणाले. "अंगठ्याचं वाढव. आणि ऐक भाई, गिऱ्हाइकाशी भांडायचं न्हाई. चाकूवाल्याशी तर बिलकुल न्हाई. तितरवाला आला तर मान हलवायची. जहाजवाला आला तरी मान हलवायची. दोघं संगट आले तर खिळे मोजायला बसायचं."

तेव्हापासून माझ्या उजव्या अंगठ्याचं नख वाढलेलं आहे. एका प्राध्यापकांनी मला वर्गात थांबवून 'सतार शिकतोस का?' असं कौतुकाने विचारलं होतं. मी नाही म्हणालो. पुढचं सांगायला धीर झाला नाही.

ज्यांना या वस्तूशी काही घेणंदेणं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. घडीच्या चाकूत तीन गोष्टी असतात. पातं, मूठ, आणि मुठीच्या पाठीतली कमान. ही कमान पात्याला उघडं असताना उघडं आणि मिटलेलं असताना मिटलेलं धरून ठेवते. तितरची कमान फार कडक. मिटताना 'खट्ट' असा आवाज येतो. तितरवाला चाकू घ्यायला आला की आधी डोळे मिटून तो आवाज ऐकतो. दहाबारा चाकू उघडून मिटून, त्यातला एक बाजूला काढून, "हा बोलतो," असं म्हणतो. बाकीचे का बोलत नाहीत ते मला अजून ऐकू आलेलं नाही.

तितरचं पातं साध्या पोलादाचं. धार अशी लागते की कुठल्याही दगडावर चार हात मारले तरी पुरे. पण पाण्याने गंजतं, आंबट फळाने काळं पडतं, आणि पावसाळ्यात तेल लावायला विसरलात तर उघडतच नाही. जहाज छाप चाकू अलीकडे आला. तो स्टेनलेसचा, आरशासारखा. लोण्यातून निघाल्यासारखा उघडतो, गंज नावाला नाही. त्याची धार मात्र एकदा गेली की परत आणायला चांगली सहाण आणि भरपूर सवड पाहिजे. खरं म्हणजे सगळं भांडण एवढंच आहे. पण एवढ्याशा गोष्टीवरून मी दुकानात माणसांना एकमेकांच्या आजोबांपर्यंत जाताना पाहिलं आहे.

धार बघायची रीत म्हणजे डाव्या हाताचे केस. पातं हातावरून हलकं फिरवायचं. केस उडाले तर धार खरी. बाजाराच्या दिवशी आमच्या दुकानासमोर उभं राहून नुसते हात बघितले तरी कोण कुठल्या पक्षाचा ते कळतं. ज्याचा डावा हात कोपरापर्यंत तुळतुळीत, तो तितरवाला. माझाही डावा हात तसाच झाला, कारण गिऱ्हाइकाचे केस संपले की ते विक्रेत्याचे मागतात.

आणखी एक सांगायला हवं. आमच्याकडे विळ्याही होत्या. बायका येत, पात्यावर नख घासून बघत, पाट हलतो का बघत, आणि विळी पिशवीत घालून जात. त्यात बोलण्यासारखं काही घडत नसे, म्हणून मी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही.

तितरच्या पात्यावर एक पक्षी ठोकलेला असे. ठसा इतका झिजलेला की पोट फुगलेलं, मान देठाएवढी, पायांचा पत्ता नाही. जहाजवाले त्याला उघड उघड वांगं म्हणत. एका खेपेला कारखान्याने नवा ठसा केला. पेटी उघडली तर पात्यावर खरोखरचा तितर. चोच, डोळा, पंखावरचे ठिपके, सगळं स्पष्ट. मला इतका आनंद झाला की मी सगळे चाकू काचेच्या कपाटात चोची एका बाजूला करून मांडले.

पहिला आला तो बापूराव धनगर. त्याची तीन माणसं याच चाकूने मेंढ्यांची वाढलेली खुरं कापत. त्याने पातं उन्हात धरलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या कळपातलं कोकरू बदललं.

"शेठ, हा डुप्लिकेट हाय."

"अरे, ओरिजनल हाय! पेटी फोडली आत्ता!"

"मंग ह्याच्यावर पाखरू कसं काय दिसून राह्यलं?"

दिवस मावळेपर्यंत सगळा बाजार सांगत सुटला की मदनलालजी नकली माल ठेवून राह्यले. ज्यांनी जन्मभर वांगं म्हटल्यावर मारामाऱ्या केल्या तेच आता वांगं मागत होते. शेवटी शेठजींनी कारखान्याला कळवलं की मेहेरबानी करून पुढच्या खेपेला चित्र पहिल्यासारखं खराब पाठवावं. ते तसं आलं आणि हातोहात खपलं. चांगल्या ठशाचे चाकू अजून दुकानात पडून आहेत. मला त्यांचं वाईट वाटतं.

आता गुरुजींकडे वळतो. शहागडचे सोनाजी गुरुजी प्राथमिक शाळेत होते आणि जहाजचे असे भक्त होते की जालन्याला आले की आमच्या दुकानात फक्त तितरला नावं ठेवायला येत. पांढरं धोतर, काळी टोपी, खिशात जहाज. "दाखव रे ते वांगं," असं म्हणायचे. मी चाकू द्यायचो. ते उघडायचे, वास घ्यायचे, बोटाने पातं टिचकवायचे आणि दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचे.

"गंजणारी वस्तू जवळ बाळगणं हे मागासलेपण आहे. माणूस चंद्रावर जाऊन आला आणि आपण चाकूला खोबरेल चोळतो आहोत!"

मग चाकू मिटून परत द्यायचे आणि पावशेर खिळे घेऊन जायचे. इतक्या खिळ्यांचं ते काय करत असतील याचा विचार मी अनेकदा केला. मान मात्र नियमाप्रमाणे हलवत राहिलो.

मान हलवणं मला सोपं जात नव्हतं. कारण माझे वडील, म्हणजे बा, तितरवाले होते.

आमचं गाव जालन्यापासून सायकलच्या टप्प्यात. बा लोकांच्या मोसंबीच्या बागांत डोळे भरायचं काम करतो. म्हणजे जंबेरी या जंगली लिंबाच्या रोपाच्या सालीला उभा-आडवा काप द्यायचा, त्यात मोसंबीच्या फांदीवरचा डोळा सरकवायचा आणि केळीच्या सोपटाने बांधून टाकायचा. काप जरा खोल गेला तर रोप गेलं. बाची सगळी इज्जत त्या तितरच्या टोकावर. चाकू त्याच्या कोपरीच्या खिशात असतो आणि त्याची गोष्ट ओठावर. कोणीही भेटलं की तिसऱ्या वाक्याला तितर निघतो.

यामुळे आमच्या अक्काचं एक स्थळ मोडलं होतं. परतूरकडचे पाहुणे आले होते. मुलाच्या मामाने बोलता बोलता नख कापायला खिशातून चकचकीत चाकू काढला. बा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मामा, हा चाकू हाय का चमचा?" पाहुण्यांनी चहा अर्धा टाकला.

म्हणून शहागडकडून दुसरं स्थळ आलं तेव्हा अक्काने मला विहिरीवर गाठलं. मुलगा एस.टी.त कंडक्टर होता, सुभाष नावाचा. आमच्याच रस्त्याच्या गाडीवर तो असायचा आणि एकदा मायचं सरपणाचं गाठोडं त्याने कुरकुर न करता टपावर चढवलं होतं. अक्काने ते पाहिलं होतं. ती जास्त बोलली नाही, पण मला कळलं.

"रतन, बाचा चाकू भाईर निघाला न पायजे," ती म्हणाली. "ह्या बारीला मोडलं तर म्या पुन्हा कोनाम्होरं पोहे घेऊन उभी राहनार न्हाई. सांगून ठिवते."

अक्का खोटं बोलत नाही. मी बाकडे गेलो आणि हात पसरला. बाने चाकू दिला, पण मूल दत्तक दिल्यासारखा. मी तो ज्वारीच्या कणगीत खोल खुपसून ठेवला.

"चाकू दिला," बा म्हणाला. "तोंडबी ठिवू का कनगीत?"

"बा, आजच्या दिवस फक्त पीकपाण्याचं बोला."

"बरं बाबा. कॉलेजवाल्याचं ऐकावंच लागन."

रविवारी पाहुणे आले. आधी सुभाष आत आला आणि त्याच्यामागून वाकून चौकटीतून शिरली ती काळी टोपी. सोनाजी गुरुजी! मुलाचे वडील मास्तर आहेत हे आम्हाला माहीत होतं. ते हे मास्तर आहेत हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. मी पाण्याचा तांब्या घेऊन दाराआड उभा राहिलो आणि बाही मनगटापर्यंत ओढली.

जयभीम झाला. पाऊस कसा आहे, गाडीला गर्दी होती का, सगळं नीट चाललं होतं. बा खरोखर पीकपाण्याचं बोलत होता. घाम आलेला होता, पण बोलत होता. तेवढ्यात मायने मला पाणी द्यायला पुढे ढकललं. गुरुजींनी तांब्या घेतला, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अरे! तू तर त्या वांग्याच्या दुकानातला!"

बाने मान वर केली. "कोन्तं वांगं?"

"अहो, तो चाकू येतो ना, तितर छाप—"

"वांगं कोनाला म्हन्ला तुमी?"

मी आतल्या दाराकडे पाहिलं. पडद्याखाली अक्काचे पाय दिसत होते. ते हलत नव्हते.

"मी म्हटलं," गुरुजी शांतपणे म्हणाले, "कारण मी तीस-चाळीस पोरांना रोज चित्रकला शिकवतो. मला पक्षी आणि भाजी यांतला फरक कळतो."

"रतन! माहा चाकू आन."

"सापडत न्हाई, बा."

"सापडला तरी उघडणार नाही. गंजला असेल," गुरुजी म्हणाले.

बा उठला. कणगीजवळ गेला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. बाहेर आला तेव्हा कोपरीत, मिशीत ज्वारीचे दाणे आणि मुठीत तितर. त्याने तो गुरुजींच्या कानाजवळ नेऊन मिटला. खट्ट!

"बोलतो का न्हाई?"

"चाकूनं कापावं, बोलण्यासाठी माणसं आहेत," गुरुजी म्हणाले आणि खिशातून जहाज काढला.

बागेतून आणलेली मोसंबीची टोपली मध्येच होती. दोघांनी एकेक फळ उचललं. पैज न बोलताच ठरली, सगळी साल एका पट्टीत निघाली पाहिजे. बाची साल नागिणीसारखी उतरत गेली. पण रसाने पातं काळं होऊ लागलं.

"बघा, बघा! हे काळं तुमच्या पोटात जाणार."

"जाऊ द्या. तुमची साल तुटली त्याचं काय?"

"ती फळात डाग होता म्हणून तुटली!"

"म्या डोळे भरलेल्या बागंतल्या फळात डाग?"

आता गोष्ट बागेवर गेली होती. गुरुजींनी बाही वर केली, केसांवर पातं फिरवलं. थोडे उडाले. बानेही बाही सरकवली, तर त्याच्या हातावर उडवायला काहीच शिल्लक नव्हतं. "माहे कव्हाच संपले, दुसरा हात द्या," असं म्हणून त्याने गुरुजींचाच दुसरा हात धरला आणि विचारायच्या आत अर्धा तुळतुळीत करून दाखवला.

गुरुजी ताडकन उठले. "सुभाष, चल. ज्या घरात पाहुण्याची हजामत होते तिथं सोयरीक व्हायची नाही."

"जा ना मंग. चमच्यावाल्याच्या घरी पोरगी देनारच न्हाई!"

दोघं दारात समोरासमोर उभे. दोघांच्या हातात उघडे चाकू आणि दोघांच्या बोटांवरून मोसंबीचा रस ठिबकतो आहे. मला काय करावं ते सुचेना. दुकानात असतो तर खिळे मोजायला बसलो असतो.

इतका वेळ गप्प बसलेल्या सुभाषने तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. त्याला बहुधा दुसरा आवाज येतच नसावा.

"दारात उभं राहू नका! आत सरका! बसून घ्या!"

गुरुजी आणि बा दोघंही मुकाट्याने आत सरकले आणि बसले. एस.टी.ची सवय असते.

मग अक्का पडदा सारून आली. हातात मोठी परात, परातीत मोसंबीच्या फोडी रचलेल्या. बिया काढलेल्या, पांढरं साफ केलेलं, वर मीठ भुरभुरलेलं. टोपलीकडे पाहिलं तर ती केव्हा रिकामी झाली आम्हाला कळलंही नव्हतं.

"खाऊन घ्या," अक्का म्हणाली. "तुमा दोघायनं एकेक मोसंबी सोलली. तेवढ्यात म्या सगळी इळीवर चिरली."

दोघं परातीकडे बघत राहिले. मग हातातल्या आपापल्या एकुलत्या एक मोसंबीकडे. कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही. बाने चाकू मिटला. आवाज नेहमीसारखाच झाला, पण या वेळी कोणी ऐकला नाही.

सुभाषने पहिली फोड उचलली, मग दुसरी. "लई बेस चिरली," तो म्हणाला. हे मात्र त्याने इतक्या हळू म्हटलं की गाडीत असता तर कोणी तिकीट काढलं नसतं. अक्का आत गेली. पडद्याखाली तिचे पाय पुन्हा दिसले. या वेळी एक अंगठा जमीन उकरत होता.

बऱ्याच वेळाने गुरुजींनी मीठ झटकलं. "पुढच्या रविवारी मी माझी सहाण घेऊन येतो. तुमच्या असल्या ओबडधोबड दगडावर धार लावून निकाल लागणार नाही."

"आना. म्याबी बघतो."

मायला राहवलं नाही. "म्हंजी पोरगी पसंत हाय का?"

गुरुजींना तो प्रश्न चमत्कारिक वाटला. "नाहीतर मी इतक्या लांब कशाला परत येईन, बाई? शहागडात मी बोललो की सगळे मान हलवतात. तोंडावर उत्तर देणारा माणूस या वयात कुठे मिळतो?"

मी जमिनीकडे पाहिलं. मान हलवणाऱ्यांत मीही होतो.

लग्न उन्हाळ्यात झालं. वंदना झाली, फुलं टाकून झाली, आणि जेवणाच्या पंगतीत दोन्ही व्याही शेजारी बसून गंजावर बोलत राहिले. शेठजी आवर्जून आले होते. त्यांनी अक्काला दुकानातली एक विळी आहेर दिली.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी गुरुजी दुकानात आले. "दाखव ते वांगं." मी दिला. त्यांनी उघडला, वास घेतला, टिचकवला. मी परत घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी चाकू खिशात टाकला.

"व्याह्यांना दोष दाखवायचे आहेत," ते म्हणाले. "वस्तू समोर ठेवल्याशिवाय नीट दाखवता येत नाहीत. आणि बऱ्यापैकी बोलणारा दिला आहेस ना?"

मी घरी निघालो तेव्हा दुकानाच्या पायरीशी बा उभा होता. इकडेतिकडे बघत तो म्हणाला, "रतन, एक जहाज दे. गुरुजीला त्याच्यातली खोट दावायची हाय. चांगल्यातला दे."

शेठजींनी गल्ल्यावरून सगळं पाहिलं होतं. "रतन," ते म्हणाले, "अशी आनखी दोन-चार लग्नं जमव भाई."

तितर चांगला की जहाज, हे मला अजून सांगता येत नाही. इतके चाकू विकूनही माझं स्वतःचं मत झालेलं नाही, याची कधी कधी खंत वाटते. मागच्या महिन्यात मी अक्काकडे शहागडला गेलो होतो. ओसरीवर बा आणि गुरुजी सहाणेला पाणी घालत बसले होते, दोघांच्याही बाह्या वर होत्या. आत अक्काने भाजी चिरून फोडणीला टाकली होती. शेठजींनी दिलेली विळी भिंतीला टेकवून ठेवली होती. तिच्यावर कोणता छाप आहे, हे अजून कोणी विचारलेलं नाही.